चापडा जिथे बसलाय, तिथेच बघा

मिरग लागला की दरवर्षी माझ्या फोनवर निरोप यायला लागतात. कोणी पणजीहून, कोणी पुण्याहून, कोणी बेळगावहून. प्रश्न एकच असतो: चोर्ला घाटात चापडे, म्हणजे ते विषारी साप, दिसायला लागले का, आणि नेमके कुठे? पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन साप शोधायला जाणारे लोक गेल्या काही वर्षांत खूपच वाढले आहेत. मला याचा मनापासून आनंद आहे. साप दिसला की काठी शोधणारे हात आता कॅमेरा शोधतात, हा बदल लहान नाही. पण त्याच हातात आता साप उचलायचा हुकही आला आहे, आणि त्याबद्दल स्पष्ट लिहायलाच हवं. साप उचलून फोटोसाठी दुसऱ्या ‘चांगल्या’ फांदीवर ठेवणं बंद झालं पाहिजे. पूर्ण बंद. ‘आम्ही नीट हाताळतो’, ‘नंतर परत ठेवतो’ अशी पळवाट मला मान्य नाही.

चापडा कसा जगतो ते आधी बघा, म्हणजे मी एवढं ताणून का धरते ते कळेल.

मलबारी चापडा फक्त सह्याद्रीत सापडतो. कोणी हिरवा, कोणी तपकिरी, कोणी पिवळा, क्वचित नारिंगी. तो सावजामागे धावत नाही. तो जागा निवडतो. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठचा ओला दगड, पाण्यावर झुकलेली फांदी, उघडं पडलेलं एखादं मूळ. तिथे वेटोळं घालून, मान आखडून, तोंड बेडकांच्या वाटेकडे करून बसतो आणि वाट पाहतो. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध त्याला एक खाच असते. उंदरासारखा गरम रक्ताचा प्राणी अंधारात जवळून गेला तरी त्याच्या अंगाची ऊब त्या खाचेला कळते. हे सगळं त्या जागेवर बसून चालतं. आज काही मिळालं नाही, उद्या मिळेल. सापाचं शरीर कमी खर्चात चालतं म्हणून त्याला हे परवडतं. जागा हीच त्याची कमाई.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका व्हाळावर असाच एक तपकिरी चापडा आम्ही बरेच दिवस पाहत होतो. जांभळीचं एक मूळ दगडावरून खाली पाण्यात उतरलं आहे, त्याच्या बेचक्यात तो असायचा. एका रात्री त्याच्या पाठीवर शेवाळाचा नखाएवढा तुकडा चिकटलेला होता. दुसऱ्या रात्री गेलो तर तुकडा तिथेच, साप तिथेच, फक्त डोकं दुसऱ्या बाजूला वळलेलं. मध्ये दिवसभर पाऊस झाला होता, व्हाळ वीतभर चढला होता. जीभ अगदी सावकाश बाहेर यायची, खाली-वर व्हायची आणि आत जायची. समोर हातभर अंतरावर दगडावर एक बेडूक बसला होता. चापड्याने काही केलं नाही. आम्ही पाय अवघडेपर्यंत उभे राहिलो, त्याने तरीही काही केलं नाही, आणि मला ती रात्र आजवरच्या उत्तम रात्रींपैकी एक वाटते.

मग एक गट आला. पैसे घेऊन रात्रीची भटकंती करवणारे लोक होते. त्यांनी तो साप हुकाने उचलला, शेवाळ असलेल्या फांदीवर ठेवला, मागे नेचे दिसतील अशी ती फांदी धरली, दोन बाजूंनी फ्लॅश लावले. साप उतरायला लागला की पुन्हा वर. फोटो सुंदर आला, मी पाहिला आहे. त्यानंतर त्या बेचक्यात मला तो साप दिसला नाही. तो मेला असं मी म्हणत नाही. पण ज्या जागेवर तो इतके दिवस टिकून होता ती त्याने सोडली, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. पावसाळा म्हणजे त्याच्या खाण्याचा हंगाम. त्यातले किती दिवस नवी जागा शोधण्यात गेले असतील?

दुसरं कारण मला याहूनही महत्त्वाचं वाटतं. मांडून काढलेला फोटो चुकीचं शिकवतो. फुरसं हा सड्यावरचा साप, जांभ्या दगडाच्या कपारीतला, उघड्या कातळावरचा. त्याला शेवाळलेल्या ओल्या फांदीवर बसवून काढलेले फोटो मी पाहिले आहेत. उंच नाकाचा चापडा तर जमिनीवरचा साप. सुक्या पानांत पडलेला असतो आणि स्वतःही सुक्या पानासारखाच दिसतो. त्याच्या पिल्लाच्या शेपटीचं टोक फिकट असतं. शेपटी अळीसारखी वळवळवून ते बेडूक-पालींना जवळ ओढतं. हा साप आपल्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीखालच्या पातेऱ्यात असू शकतो. तिथे वाकून सुपाऱ्या गोळा करणाऱ्या बाईला तो फांदीवर, फुलाशेजारी बसतो असं फोटोतून शिकवलं तर ती कुठे बघेल? वर बघेल. धोका तिच्या पायाशी असतो. साप जिथे सापडला तिथलाच फोटो तिच्या कामाचा आहे, मग तो कितीही चिखलाचा, पानांनी अर्धा झाकलेला असो.

आणि औषधाचं काय ते सर्वांना माहीत हवं. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशावरची प्रतिविषाची लस चार सापांच्या विषावर तयार होते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चापड्यांच्या विषावर ती चालत नाही. मलबारी चापडा चावला तर भयंकर वेदना आणि सूज येते. उंच नाकाच्या चापड्याच्या दंशाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. रात्री अकरा वाजता, घाटात, फोनला रेंज नसताना, हुकाच्या टोकावर असा साप नाचवायचा आणि शेजारी आठवीतली मुलं उभी करायची, याला मी निसर्गप्रेम म्हणणार नाही. (चावलाच तर बांधू नका, चिरू नका, चोखू नका. अवयव हलवू न देता सरळ 108 ला फोन आणि इस्पितळ. कुठला साप ते ओळखण्यासाठी त्याच्या मागे धावू नका.) 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. सापाशी खेळणं हे धाडस म्हणून दाखवताना निदान त्या घरांची आठवण ठेवावी.

कायदाही आहेच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, आणि परवानगीशिवाय साप पकडणं हा गुन्हा आहे. म्हादई, नेत्रावळी, मोले, खोतिगाव ही अभयारण्यं आहेत, तिथे रात्री वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. पण कायद्याच्या धाकाने कोणी सुधारेल असं मला वाटत नाही. पाहण्यातली गोडी लागली तर सुधारेल.

म्हणून पाहायचं कसं ते लिहिते.

पाऊस कोसळत असताना सहसा काही दिसत नाही. पानांवर थेंब आपटत असतात, सगळंच हलत असतं, डोळा कुठे ठरत नाही. खरी वेळ पाऊस ओसरल्यानंतरची. झाडं ठिबकत असतात, वारा पडलेला असतो, आणि बेडूक सुरू होतात. आधी बेडूक ऐका. ते गप्प असतील तर खुशाल परत फिरा, दुसऱ्या दिवशी या. ते भरात असतील तर व्हाळाच्या काठाने चला, आणि चला म्हणजे जवळपास उभेच राहा. दहा पावलं जायला पाव तास लागला तर बरोबर चाललं आहे. उडणारा मलबारी बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचं घरटं करतो. त्यातली पिल्लं पुढे खाली पाण्यात पडतात. असा पांढरा फेस दिसला की आसपासची प्रत्येक फांदी नीट बघा, कारण बेडकांची गर्दी सापालाही ठाऊक असते.

बॅटरी डोळ्यांच्या पातळीला धरली की कोळ्यांचे, बेडकांचे डोळे चमकतात. सापाचे तसे चमकत नाहीत. त्याला आकारावरून ओळखावं लागतं. आधी पायाखाली, मग गुडघ्याएवढ्या झुडपात, मग डोक्यावर. हरणटोळ दिवसाचा साप, रात्री फांदीच्या टोकाला सैल गुंडाळी करून झोपलेला असतो आणि उजेडात फिकट दिसतो, म्हणून तो नवख्यालाही सापडतो. त्याच्यावर उजेड धरून ठेवू नका, तो झोपलेला आहे. मांजऱ्या रात्रीचाच. लांब, सडपातळ अंग, मोठं डोकं, मांजरासारखी उभी बाहुली. तो फांद्यांतून सरकताना एक फांदी सोडून दुसरीवर अंग टाकतो, तेव्हा मध्ये हवेत अर्धा साप काठीसारखा ताठ धरलेला असतो. हे एकदा शांतपणे पाहिलेल्या माणसाला हुकाची आठवण होणार नाही याची मला खात्री आहे.

गमबूट घाला, जळवांची तक्रार करू नका, न बघता कशालाही हात टेकू नका. साप दिसला की तो कशावर होता, जमिनीपासून किती वर, पाण्यापासून किती लांब, पाऊस थांबून किती वेळ झाला होता, हे वहीत लिहा. हा छंद म्हणून सांगत नाही. आपल्या सापांची ओळख अजून पूर्ण झालेली नाही. 2020 साली सह्याद्रीतल्या हरणटोळांच्या नव्या जाती शास्त्रज्ञांनी वेगळ्या केल्या, 2024 साली आपल्याकडचा नागराज ही वेगळी जात ठरली. एवढा मोठा नागराज, आणि त्याचं नाव कालपरवा ठरलं. अशा वेळी एखाद्या गावच्या मुलाच्या वहीतली नोंद मोलाची असते. उचलून दुसरीकडे ठेवलेल्या सापाची नोंद मात्र शून्य.

आमच्याकडे हे मुळात कोणाला शिकवावं लागू नये. सातेरी देवीला वारुळाच्या रूपात पुजणारी माणसं आपण. वारुळाला कोणी कुदळ लावत नाही, त्यात नाग असला तरी त्याला हुसकत नाही. केरीतल्या ज्या आजोबांबरोबर मी पहिल्यांदा रात्री व्हाळावर गेले, ते चापडा दिसला की बॅटरी जरा बाजूला करत आणि एवढंच म्हणत, “ताका थंयच रावूं दी.” (त्याला तिथेच राहू दे.) त्यांनी कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं. काजूच्या बागेत जन्म गेला, चापडे रोजचे.

आता बेडकांबद्दल. पहिल्या पावसात बॅटऱ्या आणि पोती घेऊन बाहेर पडणारे लोक आजही आहेत. हॉटेलांत ‘जंपिंग चिकन’ या नावाने बेडकाचं मांस चोरून विकलं जातं म्हणून शेतातले मोठे बेडूक पकडले जातात, तेही नेमके त्यांच्या विणीच्या रात्रींत. देशाने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात 1987 मध्ये बंद केली, पकडणं हा गुन्हा आहे, तरी ताटातली मागणी संपलेली नाही. साप पाहायला येणाऱ्या प्रत्येकाने रात्री जेवताना हे ताट नाकारलं आणि तसं सांगितलं तर आमच्यासारख्यांना मोठा आधार होईल. जागेची नावं टाकणंही थांबवा. ‘सत्तरी’ एवढं पुरे. व्हाळाचं नाव लिहिलं की पुढच्या शनिवारी तिथे गाड्यांची रांग लागते.

आणि रस्ता. केरीहून चोर्ल्याला चढताना, मोल्याहून अनमोडला जाताना, पाऊस थांबल्यावर डांबर अजून थोडं ऊबदार असतं आणि बेडूकही रस्त्यावर आलेले असतात. त्यांच्यामागून साप येतात. सकाळी त्याच रस्त्याने गेलं की चिरडलेले दिवड, गवत्या, मांजऱ्या, चापडे दिसतात. त्यातले काही रात्री साप बघायला निघालेल्या गाड्यांखालीच गेलेले असतात, हे मी दुःखाने लिहिते आहे. घाटात रात्री गाडी हळू चालवा, पुढे बसलेल्याने नजर रस्त्यावर ठेवावी. रस्त्यावर साप दिसला तर गाडी मागे थांबवून पार्किंगचे दिवे लावा, मागच्या गाडीला हात करा आणि त्याला जाऊ द्या. चापडा अगदीच हलत नसेल आणि वर-खाली वाहतूक असेल, तर ज्याला खरोखर येतं अशा माणसाने लांब काठीने त्याला बाजूला करावं, आणि ज्या दिशेला त्याचं तोंड होतं त्याच बाजूला. फोटो काढायचाच असेल तर तो तिथून गवतात शिरेपर्यंत जेवढा मिळेल तेवढा.