आधी अढी, मग रँकिंग

गूगलवर पहिला नंबर यायच्या नादाला न लागता साईट बनवा, असं सांगणारा एक लेख वाचला आणि ते एकदम पटलं. आमचा रत्नागिरीजवळ हापूसचा छोटा धंदा आहे. साईट करून देणाऱ्याने प्रत्येक ओळीत 'अस्सल रत्नागिरी हापूस ऑनलाइन' असं इतकं कोंबलं होतं की आई म्हणाली, हा काय जप लावलाय? वर कीवर्डच्या मेटा टॅगचे (म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवलेली, वाचणाऱ्याला न दिसणारी शब्दांची यादी) वेगळे पैसे घेतले, आणि गूगलने तर २००९ सालीच जाहीर सांगून टाकलंय की रँकिंगसाठी आम्ही तो टॅग बघतच नाही!

शेवटी ते सगळं काढलं आणि गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं तेच लिहिलं, पेटीत किती डझन, फळ केवढं, कच्चं आलं तर पेंढ्यात अढी कशी घालायची (म्हणजे पिकायला कसं ठेवायचं), लगेच फ्रिजमध्ये का टाकायचं नाही, कापल्यावर साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा झालेला) निघाला तर काय करायचं. फोटो मोबाईलवरचेच, पण साईझ कमी करून टाकले, कारण गावाकडे रेंजची बोंब. आता नंबर कितवा ते बघत पण नाही, पण अढीच्या पानाची लिंक लोक आपणहून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात. हां, पानाला टायटल मात्र नीट द्या, तेवढं एसईओ (गूगलवर वर दिसायची खटपट) आम्ही पण करतो.