सीक्यूसीच्या तपासणीची तयारी : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

स. न.

केअर होममधील, म्हणजे वृद्धांची देखभाल करणाऱ्या निवासी संस्थेतील, कर्मचाऱ्यांनी सीक्यूसीच्या, म्हणजे अशा संस्थांची तपासणी करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशन या नियामकाच्या, तपासणीला कसे सामोरे जावे, या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे : ‘परदेशातून आलेल्या मुलींना पोपटपंची शिकवून तुम्ही मालकाचे रेटिंग वाचवता. इन्स्पेक्टर गेला की होम पुन्हा होते तसेच.’ (रेटिंग म्हणजे तपासणीनंतर सीक्यूसी होमला देते ती श्रेणी.) पुढे शनिवार-रविवारच्या अपुऱ्या मनुष्यबळाविषयी आणि सीक्यूसीच्या स्वतःच्या गोंधळाविषयीही आपण लिहिले आहे. आपल्या आत्या अशाच एका होममध्ये राहतात, तेव्हा आपल्याला काळजी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या स्त्रिया रात्रभर दर काही तासांनी अशा वृद्धांची कूस बदलतात, त्यांच्याविषयी या स्वरात लिहिणे मला अशोभनीय वाटले.

आपली एक दुरुस्ती मात्र मान्य करते. सीक्यूसीचा अधिकार फक्त इंग्लंडपुरता आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील नियामक निराळे आहेत. लेखात ‘ब्रिटन’ असे पडले होते, ते बदलले आहे.

आता पोपटपंचीविषयी. केअर होमची तपासणी बहुधा पूर्वसूचनेविना होते. सकाळी दारावरची घंटा वाजते, त्या वेळी जी कर्मचारी शिफ्टवर असेल तिच्याशीच इन्स्पेक्टर बोलतो. डिमेन्शियामुळे ज्यांना स्वतःचा अनुभव सांगता येत नाही, त्यांच्यासाठी ‘सोफी’ नावाची निरीक्षणपद्धत आहे, आणि ती ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने तयार झालेली आहे. इन्स्पेक्टर लाउंजच्या कोपऱ्यात बसतो आणि घास भरवणारी बाई त्या व्यक्तीकडे पाहून बोलते की डोक्यावरून सहकाऱ्याशी गप्पा मारते, हे पाहत राहतो. पाठ केलेले वाक्य तेथे कोणाच्या उपयोगी पडणार, हे आपणच सांगावे.

मग मी शिकवते काय? एक साधे उदाहरण घ्या. गिळताना ठसका लागणाऱ्या आजोबांच्या चहात थिकनर, म्हणजे पेय घट्ट करणारी पावडर, घालायचा असतो. कोणत्या लेव्हलपर्यंत घट्ट करायचा हे स्पीच थेरपिस्टने ठरवलेले असते, आणि ती पावडर खोलीत उघडी ठेवायची नसते, कारण ती कोरडीच गिळल्याने एका व्यक्तीचा मृत्यू झाल्यावर २०१५ मध्ये एनएचएस इंग्लंडने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, धोक्याची सूचना काढली होती. हे सारे ती बाई रोज बिनचूक करते. ‘यांचा चहा घट्ट का?’ असे इन्स्पेक्टरने विचारले की मात्र ती म्हणते, ‘नर्सने सांगितले आहे.’ एखाद्या आजी आंघोळीला नको म्हणाल्या तर ती त्यांना बळजबरीने उठवत नाही, चहा झाल्यावर पुन्हा विचारते. व्यक्तीने घेतलेला निर्णय आपल्याला शहाणपणाचा वाटला नाही, एवढ्यावरून तिची निर्णयक्षमता नाही असे मानायचे नाही, हे २००५ च्या मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्टमधील तत्त्व ती कृतीत उतरवत असते. ‘कपॅसिटी’ हा शब्द ऐकला की तीच बाई गप्प होते. मी तिला त्या आजींविषयी, तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, बोलायला लावते. यात पढवण्यासारखे काय आहे?

हे मी ऐकीव सांगत नाही. मिरजेला जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून मी इकडे इंग्लंडला आले आणि प्रथम नाइट केअरर म्हणून काम केले. माझ्या पहिल्या तपासणीत मला विचारले गेले की रहिवाशाच्या अंगावर काळानिळा डाग दिसला तर तू काय करशील. त्याच आठवड्यात मी असा डाग बॉडी मॅपवर, म्हणजे शरीराच्या छापील आकृतीवर, नोंदवून नर्सला कळवला होता. पण वरिष्ठांनी प्रश्न विचारला की मान खाली घालायची, या वळणात वाढलेल्या माझ्या तोंडून इतकेच निघाले, ‘मॅनेजरला विचारीन.’ सेफगार्डिंगविषयी, म्हणजे रहिवाशांना छळ व हेळसांड यांपासून जपण्याविषयी, कर्मचाऱ्यांमध्ये आत्मविश्वास नाही, असे त्या अहवालात आले. इन्स्पेक्टरशी आम्ही मोकळेपणाने बोलू शकतो, एवढे साधे वाक्य तेथे कोणीही आम्हाला सांगितले नव्हते. आपण हे कधी अनुभवले आहे का?

आणि मालकाचे रेटिंग वाचवण्याचा आरोप तर मी साफ नाकारते. फेब्रुवारी २०२२ मध्ये केअर वर्करसाठी व्हिसा खुला झाल्यावर आलेल्या बायकांचा व्हिसा स्पॉन्सर करणाऱ्या मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर शोधायला साधारणपणे साठ दिवस मिळतात. त्यांतल्या कित्येक जणी मुलांना मागे ठेवून आणि एजंटचे कर्ज डोक्यावर घेऊन आल्या आहेत. अशा बाईला मी सर्वांत आधी सांगते की इन्स्पेक्टरशी एकांतात बोलता येते, सीक्यूसीला थेट कळवता येते, आणि गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला १९९८ च्या पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर अ‍ॅक्टचे संरक्षण आहे. टर्निंग चार्ट, म्हणजे कूस बदलल्याची नोंद, मागाहून एकदम भरायचा नाही आणि न दिलेल्या औषधापुढे ‘एमएआर’ चार्टवर, म्हणजे औषधे दिल्याच्या नोंदपत्रकावर, सही करायची नाही, मॅनेजरने सांगितले तरी नाही, हेही मी त्यांना बजावते. कोणत्या मालकाला हे ऐकून आनंद होईल?

सीक्यूसीच्या कारभाराविषयी आपण जे लिहिले ते सीक्यूसीच्या कामाचा सरकारसाठी आढावा घेणाऱ्या डॉ. पेनी डॅश यांच्या २०२४ च्या अहवालात अधिक नेमकेपणाने आले आहे, तो वाचावा. शनिवार-रविवारच्या मनुष्यबळाचा प्रश्न माझ्या लेखाचा विषय नव्हता, आणि रोटा, म्हणजे ड्युटीचे वेळापत्रक, मी ठरवत नाही. आपल्या आत्यांच्या होममध्ये रेटिंग दर्शनी भागात लावणे कायद्याने बंधनकारक आहे. पुढच्या भेटीत ते पाहावे, सीक्यूसीच्या संकेतस्थळावरील संपूर्ण अहवाल वाचावा, आणि रविवारी दुपारी किती जणी ड्युटीवर असतात हे मॅनेजरला लेखी विचारावे. त्या दिवशी जी बाई आत्यांना जेवण भरवत असेल, तिच्याशीही पाच मिनिटे बोलावे, आणि ती जे सांगेल ते पढवलेले वाटले तर मला अवश्य कळवावे.