कुंडीभर मातीला तांदळाचा भाव?

पाच किलो पॉटिंग मिक्स, म्हणजे कुंडीत भरायची तयार मिसळलेली माती, २९९ रुपये. म्हणजे किलोला साठ. आमच्या वाण्याकडे बरा कोलम तांदूळ याच भावात मिळतो. आणि ही माती आहे, माती! पुण्यात, जिथे मांजरी, वाघोली, बालेवाडीला काल-परवापर्यंत भाजीपाला पिकत होता, तिथे गॅलरीत चार मिरच्या आणि दोन टोमॅटो लावायचे तर आधी हजारभर रुपये मोजायचे. डोकं फिरतं अगदी.

बरं, त्या पाच किलोत होतं काय? कुंडी किलोत भरत नाही, लिटरमध्ये भरते. दहा इंची कुंडीला साधारण आठ लिटर माल लागतो. पिशवीत मातीचं प्रमाण जास्त असेल तर त्या पाच किलोत कुंडी निम्मी भरते, कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा हलका भुसा, जास्त असेल तर जेमतेम एक. कशाचं प्रमाण किती, हे पिशवीवर लिहिलेलं नसतं. नुसतं छान हिरवं रोप छापलेलं असतं आणि वर ‘१०० टक्के ऑरगॅनिक’.

म्हणून मग माणूस नर्सरीत जातो. तिथे गोणी. ‘वीस किलोची आहे’ म्हणे. वजनकाटा कुठाय? नाही. पिशवीवर वजन, छापील किंमत, भरल्याचा महिना, तक्रारीसाठी पत्ता? नाही. पॅकबंद मालाचे सध्याचे नियम २०११ पासून आहेत, पण मातीच्या गोणीला ते लागूच नसल्यासारखं सगळं चालतं. वर सकाळी पाइपने झाडांना पाणी घालताना गोण्यांवरही पाणी मारतात. ओली माती जड लागते आणि काळीभोर दिसते. घरी आणून चार दिवस उन्हात पसरली की ढीग बसतो. म्हणजे पाण्याचे पैसे मी दिले.

गेल्या महिन्यात आणलेली ‘लाल माती’ गच्चीवर वर्तमानपत्रावर पसरून चाळली. मुरमाचे, म्हणजे झिजलेल्या खडकाचे, खडे. विटेचे तुकडे. गोणीचे प्लास्टिकचे दोरे. गुटख्याच्या दोन पुड्या. एक काचेचा तुकडा, बोट कापलं असतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लव्हाळ्याच्या गाठी, हरभऱ्याएवढ्या काळ्या. ज्याने बाग केलीय त्यालाच याचा संताप कळेल. लव्हाळा एकदा कुंडीत शिरला की उपटून जात नाही, वरचं पातं हातात येतं आणि गाठ खाली राहते. पंधरा दिवसांत पुन्हा हजर. पैसे देऊन तण विकत आणायचं!

माती म्हणून मुरूम विकणं तर सर्रास चालतं. ‘मुळशीची लाल माती आहे ताई, महाबळेश्वरची आहे.’ काचेच्या बरणीत मूठभर घ्या, पाणी भरा, खळाखळा हलवा आणि ठेवून द्या. खरी माती असेल तर आधी वाळू बसते, मग गाळ, आणि वरचं पाणी कितीतरी तास गढूळ राहतं. मुरूम असेल तर मिनिटाभरात सगळं खरखरीत तळाशी बसून मोकळं होतं. माझ्या बरणीत तेच झालं. या मालात पाणी टिकत नाही, अन्न टिकत नाही. मुळं धरणार कशाला?

काळी माती घ्या म्हणणारेही भेटतात. शेतात ती सोन्यासारखी, कबूल. कुंडीत नुसती काळी माती घातली तर ओली असताना चिखल होते, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. तिच्यात पोयटा (गाळाची भुसभुशीत माती), शेणखत, पालापाचोळा मिसळावा लागतो. म्हणजे पुन्हा चार गोण्या, पुन्हा पैसे.

शेणखताचं तर विचारूच नका. कुजलेलं म्हणून देतात आणि आत काड्या स्पष्ट दिसतात, वास येतो, हात घातला तर गरम लागतं. ते कच्चं शेणखत रोपांची मुळं जाळतं, वर हुमणीच्या पांढऱ्या गुबगुबीत अळ्या फुकट. गांडूळखताला निदान सरकारी निकष आहे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात त्याचा ओलावा १५ ते २५ टक्के असावा असं लिहिलंय. मुठीत दाबल्यावर पाणी गळणारं गांडूळखत मी स्वतः विकत घेतलंय. माती तर खतच नाही, म्हणजे त्या आदेशाच्याही बाहेर. तिच्या नावाखाली काय वाटेल ते विका, विचारणारा कोण?

आणि हमाली! गोणी दुकानदार गाडीपर्यंत देणार. तिसऱ्या मजल्यावर चढवायची तर वेगळे पैसे. टेम्पोने घ्यावी तर तो ब्रासच्या भाषेत बोलतो. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, दहा इंची साडेतीनशे कुंड्या भरतील एवढी माती. ती उतरवायची कुठे? सोसायटीच्या फाटकात? ज्याला पाच-सहा घमेली माती हवी त्याच्यासाठी या शहरात रास्त सोयच नाही. घे महाग, नाहीतर बस.

माझा खरा राग पुढेच आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला इमारतीचा पाया खणतायत. रात्री अकरानंतर डंपर सुरू होतात. वरची दीड-दोन फूट माती, वर्षानुवर्षं शेणखत खाल्लेली, भाजीच्या मळ्याची माती! त्याखाली मुरूम, त्याखाली कातळ. जेसीबी सगळं एकात एक कालवून भरतो आणि ते जातं नाल्याच्या कडेला, नदीपात्रात, टेकडीच्या पायथ्याशी. राडारोडा म्हणून. एवढीशी माती तयार व्हायला शतकं लागतात आणि ती एका रात्रीत विटांच्या तुकड्यांखाली गाडतात. मी वॉचमनला दोन घमेली मागितली तर म्हणाला, साहेबांची परवानगी आणा. डंपर भरभरून नाल्यात ओतताना नाल्याची परवानगी लागत नाही वाटतं!

वरच्या मातीची किंमत सरकारला कळत नाही असंही नाही. वीस हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते, आणि वरची माती वेगळी साठवून बागेसाठी वापरा ही त्यातली नेहमीची अट आहे. कागदावर आहे. त्याहून लहान इमारतींना ती मंजुरीच लागत नाही, आणि गल्लोगल्ली पुनर्विकास चाललाय तो बराचसा त्या लहान इमारतींचाच.

कुणी तरी येऊन सांगतंच, ‘अहो, घरीच कंपोस्ट करा की.’ करते. ओला कचरा बाहेर देत नाही मी. पण भाजीच्या सालांपासून खत होतं, माती होत नाही, आणि तेही दोन-तीन महिन्यांनी घमेलंभर. सोसायट्यांनी खतप्रकल्प केला तर मिळकत करात सवलत मिळते. आमच्याकडे ती घेतातही. आणि तयार झालेलं खत? खड्ड्यात पडून. मागितलं की ‘कमिटीत ठरवू’. शेजारी रस्त्यावरचा पालापाचोळा जाळतायत, त्याचा धूर आमच्या घरात येतोय, आणि मी पानांचंच खत पैसे देऊन आणतेय.

मला फुकट काही नको. प्रत्येक बांधकामावर वरची दोन फूट माती वेगळी काढायला लावा, इमारत लहान असो की मोठी. प्रभागात एक जागा द्या, तिथे ती चाळून ओता. गोणीवर लिटर लिहा, आत काय आहे ते लिहा आणि गोणीमागे तीस-चाळीस रुपये घ्या. आम्ही रांगेत उभं राहून नेऊ, स्वतःच्या पाठीवरून तिसऱ्या मजल्यावर चढवू. पण ती माती आज रात्री नाल्यात जाता कामा नये.