आधी जुडीची सुतळी सोडा

परवा शेजारच्या ताई मेथीची अख्खी जुडी ओल्या कचऱ्यात टाकायला निघाल्या होत्या. "माना टाकल्यात हो हिने, गेली ही." मला राहवलं नाही. जुडी घेतली, मुळं कापली, थंड पाण्याच्या पातेल्यात बुडवून ठेवली. पाऊण तासात पानं ताठ. रात्री त्यांच्याकडे पीठ पेरून भाजी झाली आणि वाटीभर माझ्याकडेही आली.

सुकणं वेगळं आणि सडणं वेगळं. एवढं कळलं तरी आपल्या घरातली निम्मी पालेभाजी वाचेल, असं मला मनापासून वाटतं. मान टाकलेल्या पानातलं फक्त पाणी उडालेलं असतं, ते परत भरता येतं. पिवळं पान म्हातारं झालेलं असतं. ते निवडून काढलं की झालं.

सडलेलं पान मात्र बोटाला कळतं. ते बुळबुळीत लागतं, दाबलं की काळपट हिरवं पाणी सुटतं, आणि नाकाशी नेलं तर डबक्यासारखा वास येतो. पानाच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा चिकट पदार्थ जिवाणूंनी विरघळवून टाकलेला असतो. अशी दोन-चार पानं असली आणि बाकीची जुडी कोरडी असली, तर ती काढून टाका, शेजारची पानंही काढा, उरलेली भाजी लगेच करा. पण चिकटा आतपर्यंत पोचला असेल तर जीव कितीही हळहळला तरी सगळी जुडी टाका. "शिजवलं की सगळं मरतं" हे खरं नाही. जिवाणू मेले तरी त्यांनी तयार केलेली काही विषं उकळूनही जात नाहीत.

गेल्या पावसाळ्यात मी हा मोह केला होता. अशाच जुडीतला बरा दिसणारा पालक निवडून ताकातली पातळ भाजी केली. डाळ-दाणे घातले, वरून लसणाची फोडणी. पहिल्याच घासाला तो वास आला. पालक तर गेलाच, डाळ, दाणे, ताकही गेलं.

सडायला सुरुवात कुठून होते ते एकदा बघा. जिथे सुतळी किंवा रबर आवळलेलं असतं, तिथूनच. खुडलेली भाजीही श्वास घेत असते, उष्णता सोडत असते. शेतातून रात्री निघालेली जुडी पहाटे मार्केट यार्डात येते, तिथून आपल्या गल्लीतल्या हातगाडीवर. दिवसभर तिच्यावर पाणी मारलेलं असतं. संध्याकाळी विकत घेतल्यावर जुडीच्या मधोमध बोट घालून बघा, आत कोमट लागतं. ओल आणि ऊब एकत्र आली, आणखी काय हवं? म्हणून घरी आल्या आल्या, चहा टाकायच्याही आधी, सुतळी सोडा. पानं पंख्याखाली पसरा. धुऊ नका, धुवायची ती करायच्या वेळी. मग सुती कापडात सैल गुंडाळून डब्यात. मी जुन्या सुती साडीचे तुकडे ठेवलेत, ओल शोषून घेतात. वर्तमानपत्र मी बंद केलं. त्याच्या शाईमुळे खाद्यपदार्थ त्यात बांधू नका, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच सांगितलंय.

पिकलेले टोमॅटो, केळी, सफरचंदं त्याच कप्प्यात नकोत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात. कोथिंबिरीची मुळं पेलाभर पाण्यात ठेवली तर माझ्याकडे आठवडा सहज निघतो. शेपू मात्र दोन दिवसांत संपवते, तो थांबत नाही.

आणि शिजवलेल्या पालकाबद्दल. रात्रभर ओट्यावर ठेवू नका. पालकात नायट्रेट भरपूर असतं, बाहेर राहिलेल्या भाजीत जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि ते जास्त झालं तर अपायकारक, बाळांना विशेष. निवली की फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायची. वरचं खाऊ लागलेल्या बाळाला तर दरवेळी ताजाच शिजवून द्या, आदल्या दिवशीचा मुळीच नको.