हिमालयातले ट्रेक, उताराचा कोन आणि ठरलेल्या तारखा

डिसेंबर जवळ आला की पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपांवर बर्फातल्या ट्रेकच्या जाहिराती सुरू होतात. त्यांत तंबू, जेवण, बुटांवर चढवायचे गेटर्स, बुटांखाली लावायचे दातेरी मायक्रोस्पाइक्स या सगळ्यांची यादी असते. हिमस्खलनाबद्दल मात्र चकार शब्द नसतो. उत्तराखंडातल्या केदारकांठ्याची रुळलेली वाट बरीचशी जंगलातून जाते, त्यामुळे तिथे हा धोका तुलनेने कमी आहे, हे मान्य. पण तिथे बर्फाची चटक लागलेला माणूस पुढच्या वर्षी उंच खिंडीकडे किंवा काश्मीरमध्ये गुलमर्गच्या अफरवट शिखरावर स्कीइंगला जातो, आणि सोबत सह्याद्रीतली सवयच नेतो. पायाखाली घट्ट लागले की निर्धास्त व्हायचे, ही ती सवय.

बर्फात नेमके तेच फसवते. थंडीच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असताना खालची जमीन त्यामानाने उबदार आणि वरचा पृष्ठभाग अतिथंड असतो. त्या फरकामुळे तळाच्या कणांचे साखरेसारखे सुटे दाणे होतात, जे मुठीत कितीही दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही. त्यावर नवी बर्फवृष्टी झाली किंवा वाऱ्याने कड्यामागे बर्फ आणून टाकला, की वर टणक लादी तयार होते. उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असेल, तर ती लादी सुटायला एका माणसाचे वजनही पुरते. पायाखाली ‘धप्प’ असा आवाज येऊन बर्फ किंचित खचला किंवा पावलापासून भेग लांब धावली, तर त्या उतारावरून त्याच क्षणी माघार घ्यायला हवी. माणसे दगावतात त्या हिमस्खलनांपैकी बहुतेक त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सुरू केलेली असतात. म्हणून दर वेळी ‘निसर्गाचा कोप’ म्हणणे मला पटत नाही.

अनुभव हे कवच नव्हे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातल्या द्रौपदी का दांडा-२ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. २७ मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ताच राहिले. मृतांत प्रशिक्षक सविता कंसवालही होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू सर केले होते.

गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर जगण्याची आशा मोठी असते, पुढे ती झपाट्याने घटते. इतक्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही. शोध सोबत्यांनाच घ्यावा लागतो. त्यासाठी प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारे रेडिओ-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि फावडे हवे, शिवाय सरावही हवा. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचे (डीआरडीओची प्रयोगशाळा) हिमस्खलनाचे इशारे जरूर पाहावेत, मात्र ते विस्तृत भागासाठी असतात. समोरचा उतार ओलांडावा की नाही, हे तिथे उभ्या असलेल्यानेच ठरवायचे असते.

आणि तिथेच आपल्या बुकिंगची पद्धत आड येते. तारखा ठरलेल्या, परतीचे विमान ठरलेले, पैसे परत न मिळण्याची अट, वर शिखर गाठल्याचे प्रमाणपत्र (ते कशाला लागते, देव जाणे). एवढ्या दडपणाखाली वादळानंतरच्या पहिल्या निरभ्र सकाळी तुकडी थांबवणे लीडरला किती जड जात असेल! खरे तर जोरदार बर्फवृष्टीनंतरचे एक-दोन दिवसच सर्वांत घातक असतात. म्हणून उंच बर्फाळ भागात नेणाऱ्या आयोजकांनी दोन राखीव दिवस आणि माघारीचा अंतिम अधिकार कोणाकडे, हे माहितीपत्रकातच लिहून द्यावे. आपणही आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी ते मागून घ्यावे.