हाफ इंजिनातले पोटभाडेकरू

2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरल्या. तेव्हापासून तिचं 1089 सीसीचं हाफ इंजिन, म्हणजे गाडीतून उतरवलेलं अर्धवट इंजिन, जपून ठेवणाऱ्याकडे लोक जरा आदरानं बघतात. घरचे सोडून.

‘पुढेमागे बसवू’ म्हणून जिन्याखाली ठेवलेलं हे धूड रिकामं आहे, असं फक्त मालकाला वाटतं. ब्लॉक, हेड, कार्बोरेटर, पेट्रोलच्या नळ्या धरून पेन्सिल जाईल एवढी भोकं त्यात डझनांनी असतात. मुंबईत असल्या कोरड्या, बंदिस्त जागेला पागडी मोजावी लागते. इथं फुकट.

सगळ्यात कष्टाळू पोटभाडेकरू म्हणजे कुंभारीण माशी. नळीच्या तोंडाला चिखलाचं बूच मारून तिचं भागत नाही. आत एकेक खोली पाडायची, प्रत्येकीत एक अंडं, पिल्लाच्या शिध्याला डंख मारून लुळे केलेले सुरवंट, मग भिंत. कामाचा उरक असा, की 2013 साली ब्रिस्बेनला थोडा वेळ उभ्या असलेल्या प्रवासी विमानाची वेग मोजणारी नळी अशाच एका माशीनं लिंपली आणि विमान उडाल्यावर परत आणावं लागलं. तुमचं इंजिन तर गणपतीपासून होळीपर्यंत तिथंच असतं.

बुजलेला भाग दिसला की रात्रभर रॉकेलच्या घमेल्यात बुडवायचा, ही आपल्याकडची सार्वत्रिक श्रद्धा. रॉकेल तेलकट मळ सोडवतं. मातीला ते ढिम्म हलवत नाही. मातीला पाणीच लागतं. गरम पाणी, त्यात भांड्यांचा साबण, अर्धा तास, आणि मग नायलॉनचा ब्रश. त्यानंतर लगेच हवा मारून कोरडं करायचं आणि तेलाचा हात फिरवायचा. पावसाळी हवेत धुतलेल्या बिडाला गंज चढायला चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरतो.

हवा मारायची ती उलट्या वाटेनं. पेट्रोल येतं त्या बाजूनं मारली तर बूच पुढच्या वाकणात आणखी घट्ट बसतं. 30-40 पीएसआय पुरे, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. वाळलेला सुरवंट थेट बुबुळावर घेण्यात काही शौर्य नाही. कार्बोरेटरला हवा देण्याआधी फ्लोट, नीडल आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारी पितळी तोटी) काढून ठेवावेत. जेटच्या एक-सव्वा मिलिमीटरच्या भोकात तार खुपसणाऱ्याचे तर हातच बांधावेत असं माझं मत आहे. पितळ मऊ असतं. भोक रुंदावलं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते आणि मालक पंपवाल्यावर संशय घेतो. मासे पकडायच्या गळाचा नायलॉन दोरा वापरावा.

खरा धोका ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांत. त्यांच्या टोकांचे स्क्रू-प्लग उघडल्याशिवाय ब्रश सरळ जातच नाही. म्हणून प्लगला पाना न लावता ‘साफ केलं, साहेब’ म्हणणाऱ्या मेकॅनिकचा चहा बंद करावा. एका टोकातून डिझेलची पिचकारी मारायची आणि प्रत्येक मेन बेअरिंगच्या भोकातून धार निघते का ते बघायचं. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, त्यातल्या तिरक्या भोकांचीही तशीच परीक्षा. एखादं बुजलेलं राहिलं तर तेवढं बेअरिंग कोरडं फिरतं, आणि डॅशवरचा तेलाचा दिवा मात्र शांतपणे विझलेला असतो, कारण तेलाचं प्रेशर मोजलं जातं त्या बुचाच्या अलीकडे.

उंदीर हा वेगळ्या प्रकृतीचा भाडेकरू. तो सीटचा काथ्या आणून अंथरूण घालतो आणि इनटेकमध्ये, म्हणजे हवा-पेट्रोल आत जायच्या वाटेत, कोठार भरतो. चार सिलिंडरचं इंजिन कुठल्याही जागी थांबलं तरी कोणता ना कोणता व्हॉल्व्ह उघडा असतोच. त्यामुळे कोठारातले शेंगदाणे थेट पिस्टनवर पोचतात. व्हॉल्व्ह आणि तो टेकतो त्या कड्याच्या मध्ये टरफल अडकलं की त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं. घरटं कोरडं झाडू नये. हातमोजे आणि मास्क घालून, एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी शिंपडून भिजवावं आणि मग उचलावं. लेप्टो विनोदाचा विषय नाही. नंतर तो भाग लगेच धुवावा. ॲल्युमिनियमला उंदराचं मूत खातं आणि ब्लीचही. डांबरगोळ्यांचा उंदरावर भरवसा ठेवू नये. त्या घरंगळून इंजिनाच्या भोकांत जातात, एवढाच परिणाम.

पण सगळ्यांत उपद्रवी प्राणी दोन पायांचा. ‘आत काही पडू नये’ म्हणून तो मॅनिफोल्डच्या तोंडात चिंधी कोंबतो, आणि काही वर्षांनी त्या चिंधीवरच कार्बोरेटर बसवतो. शिवाय कापड ओल धरून ठेवतं, म्हणून नेमकं झाकलेलंच तोंड गंजतं. मास्किंग टेपचा कागद आणि डिंक झुरळांना आवडतो. जाळी उंदीर अडवते, माशी नाही. तार-घासणी गंजून तिचे तुकडे आत पडतात. त्यापेक्षा जुनी गॅस्केट खाली घालून पत्र्याची पट्टी बोल्टनं आवळावी, नळ्यांना बाहेरून चढणाऱ्या लाल प्लास्टिकच्या टोप्या घालाव्यात. टोपी घातल्यावर नळी बसवता येत नाही, हाच तिचा गुण.

जोडणी झाली की स्टार्टरकडे धाव घेऊ नये. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडावं आणि क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवावा. दोन फेऱ्यांत सगळे व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतात. मध्येच अडला तर पान्याला पाइप लावून जोर करू नये. प्लगच्या भोकातून मोबाइलला जोडायचा बारका कॅमेरा सोडावा आणि आत कोण राहतंय ते आधी बघावं.