निळा पडदा दिसला म्हणून डिस्क फॉरमॅट करू नका

सांगली-मिरजेकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर मोठ्या अक्षरात 'सावधान! विंडोजच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकू नका' आणि खाली सहा मुद्दे. (लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम.) लिनक्स टाकलं की विंडोज उडतं. रॅम दोघांत अर्धी-अर्धी वाटली जाते आणि मशीन स्लो होतं. निळ्या पडद्यावर ४८ आकडी नंबर मागितला तर तो लिनक्समधून आलेला व्हायरस, लगेच अख्खी डिस्क फॉरमॅट करा. विंडोजचं लायसन जातं. घड्याळ चुकायला लागलं की मदरबोर्ड गेला समजा. आणि एकदा टाकलेलं लिनक्स परत काढता येत नाही. शेवटी नेहमीचं 'जास्तीत जास्त शेअर करा'.

हा मेसेज माझ्या तासगावच्या पुतणीपर्यंत पोचला. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिसरा मुद्दा वाचून तिने डिस्क फॉरमॅट केली आणि प्रोजेक्टचं सगळं काम गेलं. ते वाचवायला पाच मिनिटं पुरली असती. त्यामुळे सुरुवात तिसऱ्या मुद्द्यापासूनच करतो. बाकीचे मुद्दे चुकीचे आहेत, हा घातक आहे.

'निळ्या पडद्यावर ४८ आकडी नंबर मागतो तो व्हायरस.' नाही. ते विंडोजचंच बिटलॉकर आहे आणि पडद्यावर तेच नाव लिहिलेलं असतं. होम आवृत्तीच्या सेटिंग्जमध्ये ते 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने सापडतं. डिस्कवरचा सगळा मजकूर ते कुलूपबंद करतं आणि किल्ली मशीनमधल्या टीपीएम चिपच्या ताब्यात देतं. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे आपोआप चालू होतं. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकली असेल तर पूर्वी ज्या मशीनवर ते चालू होत नव्हतं अशा अनेकांवरही होतं. कोणी विचारत नाही, म्हणून आपल्याकडे बिटलॉकर आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

मशीन चालू होताना सिक्युअर बूट (सही नसलेला प्रोग्राम सुरूच होऊ न देणारी सोय) चालू आहे का आणि कोणाच्या सहीचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) आधी चालला याची नोंद टीपीएममध्ये होते. नोंद नेहमीसारखी असेल तर किल्ली मुकाट्याने मिळते, आपल्याला पत्ताही लागत नाही. पण लिनक्स टाकण्यासाठी कोणी सिक्युअर बूट बंद केलं, किंवा विंडोज थेट चालू न करता कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या लिनक्सच्या ग्रब मेनूतून चालू केलं, की नोंद बदलते. मग टीपीएम किल्ली देत नाही आणि विंडोज तुमच्याकडे रिकव्हरी की मागतं: सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकूण ४८ आकडे. या क्षणी तुमचा डेटा जागच्या जागी असतो. तो घालवायचं काम फॉरमॅट करतं. आणि एन्क्रिप्ट केलेली डिस्क एकदा फॉरमॅट झाली की बाजारातल्या रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या हातीही सहसा काही लागत नाही.

लिनक्सचं नावही न ऐकलेल्या मशीनवर हा पडदा येतो. जुलै २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर काही मशीन थेट याच पडद्यावर जाऊन थांबत होती. मायक्रोसॉफ्टने विंडोज रिलीज हेल्थ या स्वतःच्या पानावर ते मान्य केलं आणि १३ ऑगस्ट २०२४ च्या अपडेटमध्ये दुरुस्ती दिली. तेव्हा व्हायरस कोणी सोडला होता, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

मग पडदा आला तर करायचं काय? मशीन बंद करा आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना की दाबून उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, शेवटी काय बदललं ते आठवा. सिक्युअर बूट बंद केलं असेल तर परत चालू करा. बूटच्या क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला ठेवा. नोंद पूर्वीसारखी झाली की बहुतेक वेळा की न मागता विंडोज उघडतं. नाही उघडलं, तर मोबाईलवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जा. तिथे डिव्हाइसच्या यादीत बिटलॉकरच्या की दिसतात. एकापेक्षा जास्त असतील तर पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवा आणि त्यासमोरची ४८ आकडी की टाका. काम झालं.

आपल्याकडे घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. लॅपटॉप घेताना दुकानातला पोरगा घाईत स्वतःच्या ईमेलने मशीन सुरू करून देतो, किंवा एखादा दादा त्याच्या खात्याने. मग की जाते त्यांच्या खात्यात. तुमच्या खात्यात की सापडत नसेल तर पहिला फोन त्यांना करा. कॉलेजच्या ईमेलने लॉगिन केलं असेल तर कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागाला विचारा. आणि आजच, पडदा यायच्या आधी, सेटिंग्जमध्ये जाऊन एन्क्रिप्शन चालू आहे का बघा आणि की वहीत उतरवून ठेवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह केलेली की काही कामाची नाही.

आता 'विंडोज उडतं'. हे वाक्य इतकं पसरलं कारण लोक पायऱ्या गाळतात. विंडोज उडतं ते इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क' निवडल्यावर. त्या पर्यायाचं नावच डिस्क पुसा असं आहे, न वाचता पुढे गेलात तर ते पुसणारच.

क्रम असा ठेवा. महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. डिव्हाइस एन्क्रिप्शन सेटिंग्जमधून बंद करा आणि पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. डिस्क मोठी असेल तर यात तास-दोन तासही जातील, चार्जर काढू नका. उबुंटू हा लिनक्सचा एक प्रकार; त्याच्या २४.०४ आवृत्तीचा इन्स्टॉलर बिटलॉकर चालू दिसलं की 'विंडोजच्या शेजारी' हा पर्याय देत नाही. तिथे वैतागून 'इरेज' निवडणारे खूप आहेत. मग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शनमध्ये फास्ट स्टार्टअपची खूण काढा. ती राहिली तर शटडाउन केलेलं विंडोज खरं म्हणजे अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्समधून सी ड्राइव्ह उघडत नाही, उघडला तरी त्यावर काही लिहिता येत नाही.

जागा काढायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. सी ड्राइव्हवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. ६० जीबी हवे असतील तर आकडा ६१४४०, कारण तिथे एमबीत मागतात. मोकळी झालेली जागा 'अनअलोकेटेड' अशीच सोडा, तिचा डी ड्राइव्ह करत बसू नका. कधीकधी ड्राइव्हवर २०० जीबी मोकळे असूनही विंडोज जेमतेम १०-१५ जीबीच कमी करू देतं. मध्येच न हलणाऱ्या फाइली बसलेल्या असतात: हायबरनेशनची, पेजफाइल, रिस्टोअर पॉइंट. तिन्ही तात्पुरत्या बंद करा, रिस्टार्ट करा, श्रिंक करा, परत चालू करा.

आणि लाइट. वळवाचा पाऊस सुरू झाला की सांगलीत लाइटचा भरवसा नसतो. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक भाग, लहान होत असताना फाइली एका जागेवरून दुसरीकडे हलत असतात. नेमका तेव्हा डेस्कटॉप धाडकन बंद पडला तर 'लिनक्सने विंडोज उडवलं' असं म्हणायला लोक मोकळे. यूपीएसची बॅटरी खरोखर किती टिकते ते आधी प्लग काढून बघा.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज बहुधा आरएसटी मोडवर आहे. आरएसटी आणि एएचसीआय या मशीनने डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती. ते थेट एएचसीआयवर नेलंत तर विंडोज सुरू होताना अडकतं. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग या टूलमध्ये सेफ बूटची खूण करा, रिस्टार्टमध्ये बायोसमध्ये जाऊन एएचसीआय करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या, मग खूण काढा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड पाठ असू द्या. जुन्या मशीनवर विंडोज लेगसी, म्हणजे चालू होण्याच्या जुन्या पद्धतीच्या, मोडमध्ये असेल तर लिनक्स टाकायचा पेनड्राइव्हही लेगसीतूनच चालू करा. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'बायोस मोड' या ओळीत ते कळतं. नव्या मशीनवर सिस्टिम सुरू करायच्या फाइलींचं, १०० ते ३०० एमबीच्या आसपासचं ईएफआय पार्टिशन दिसेल. ते फॉरमॅट करायचं नाही. विंडोज आणि उबुंटू त्यात आपापल्या वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. दोन्ही शेजारी असताना एकाच्या अपडेटने दुसऱ्याला धक्का बसू शकतो आणि बसलेला आहे. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज सुरक्षा अपडेटने जुन्या बूटलोडरना अडवणारी यादी बसवली. दोन सिस्टिम असलेल्या मशीनवर ती बसायलाच नको होती, पण मायक्रोसॉफ्टची ओळखण्याची पद्धत काही ठिकाणी चुकली आणि लिनक्स सुरू होताना 'एसबीएटी', म्हणजे याच यादीची, तपासणी फसल्याचा संदेश येऊन मशीन बंद पडू लागलं. हेही त्याच रिलीज हेल्थ पानावर नोंदलेलं आहे. कायमची दुरुस्ती आली मे २०२५ मध्ये. म्हणजे जवळजवळ नऊ महिने लोक खोळंबले, आणि त्याबद्दल राग येणं रास्त आहे. पण नीट बघा: मेसेज म्हणतो लिनक्सने विंडोज उडतं, आणि इथे विंडोजच्या अपडेटने लिनक्स अडवलं होतं. विंडोज व्यवस्थित चालू होत होतं.

'सिक्युअर बूट बंद करावंच लागतं' असंही कोणीतरी त्याच मेसेजखाली जोडलंय. उबुंटू, मिंट, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांचा पहिला बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या सहीचाच असतो. सिक्युअर बूट चालू ठेवून ते बसतात, चालूच ठेवा.

रॅम वाटली जाते हा मुद्दा वाचून तर कपाळावर हात मारला. एका वेळी एकच सिस्टिम चालू असते. आठ जीबी असेल तर जी चालू आहे तिला आठही जीबी. वाटली जाते ती डिस्कवरची जागा.

लायसनचंही तसंच. कंपनीकडून विंडोजसह आलेल्या लॅपटॉपची लायसनची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कवर नव्हे तर बोर्डवरच असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये असते. डिस्क नवी घातली आणि तीच आवृत्ती टाकली, तरी इंटरनेट मिळालं की विंडोज आपोआप अॅक्टिव्हेट होतं.

घड्याळ चुकतं हे खरं, कारण मात्र सरळ आहे. मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ. भारताचा फरक साडेपाच तास. म्हणून लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलं की दुपारी तीन वाजता सकाळचे साडेनऊ दिसतात. मदरबोर्डला काही झालेलं नसतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या कमांडला 'सेट-लोकल-आरटीसी १' जोडून, इंग्रजी अक्षरांत, एकदा चालवा. ती एक इशारा छापते. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे घरच्या मशीनवर त्याने अडत नाही.

काढता येत नाही? येतं. फक्त क्रम उलटा करू नका. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला करा, विंडोज थेट उघडतंय याची खात्री करा, मग डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सची पार्टिशन डिलीट करून सी ड्राइव्ह वाढवा. आधी पार्टिशन उडवलं तर काळ्या पडद्यावर ग्रब येऊन बसतं आणि लोक घाबरून दुकान गाठतात. तेव्हाही चालू होताना बूट मेनूची की दाबून, बऱ्याच मशीनवर ती एफ१२ असते, विंडोज निवडलं की झालं. लेगसी मशीनवर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून रिपेअरमध्ये जाऊन बूट दुरुस्त करावं लागतं, एवढाच फरक.

आज हा विषय घरोघर निघतोय, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत पाठिंबा संपला आणि जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. अशा वेळी लोकांना खऱ्या अडचणी सांगायला हव्या होत्या. अडतीवरचं हिशेबाचं टॅली विंडोजसाठी आहे. डीटीपीवाल्यांचं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवरचं काम आणि डिजिटल सहीचे बरेच टोकन विंडोजवरच सरळ चालतात. कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर इकडे प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात दिसतो, आणि लिनक्सवर तो चालवणं डोकेदुखी आहे. एचपीचे बहुतेक प्रिंटर चालतात. या कामांसाठीच तर विंडोज शेजारी ठेवायचं. इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरून 'ट्राय उबुंटू' निवडून तासभर वापरा: वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, मराठी कीबोर्ड जोडून टाइप होतं का, तुमच्या घरच्या प्रिंटरवर एक पान निघतं का. यातलं एखादं अडलं तर डिस्कला हात न लावता पेनड्राइव्ह काढून घ्या.